प्रवास कसा झाला?

‘सो, हाउ वॉज युअर जर्नी?’

एवढाच प्रश्न होता. हिंजवडीतल्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू, समोर दोघं जण, टेबलावर पाण्याचे ग्लास. आमचा रूममेट दिवाळीसाठी बार्शीला गेला होता. तिथेच कॉल आला म्हणून रात्रीच्या एसटीने निघून, पहाटे स्वारगेटला उतरून, रूमवर आंघोळ उरकून तो पीएमपीच्या गर्दीत धक्के खात तिथे पोचलेला. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’चं उत्तर त्याने आरशासमोर इतक्या वेळा घोकलं होतं की ते आम्हा चौघांनाही पाठ झालं होतं. पण कुणी प्रवासाबद्दल विचारेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने आवंढा गिळला आणि पाठ केलेली कॅसेट लावली, ‘सर, मायसेल्फ अमुक अमुक, आय अ‍ॅम फ्रॉम बार्शी, माय फादर इज अ फार्मर...’

समोरचे हसले वगैरे नाहीत. उलट त्यांनी आणखी एक सोपा चेंडू टाकला. ब्रेकफास्ट झाला का? याने ‘येस सर’ म्हणून टाकलं. खरं तर सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पुढचे डेटाबेसचे प्रश्न त्याला येत होते, पण तोवर तोंडाला जी कोरड पडली ती शेवटपर्यंत गेली नाही. सिलेक्शन झालं नाही.

त्या रात्री रूमवर तो आम्हाला सगळं सांगत बसला. टेंभुर्णीच्या पुढे टायर पंक्चर झाला, मग भिगवणला एक माणूस तळलेले मासे घेऊन गाडीत चढला आणि वासाने अख्खी एसटी जागी झाली, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टर आणि एका आजींची जुंपली, आजी जिंकल्या. वीस मिनिटं आम्ही हसत होतो. मग मध्येच तो गप्प झाला आणि म्हणाला, ‘अरे, हेच तर विचारत होते ना ते.’

हेच विचारत होते. आणि गंमत बघा, इंटरव्ह्यूच्या तयारीत आम्ही सगळं केलं होतं. अ‍ॅप्टिट्यूड, कोडिंग, ‘स्ट्रेंथ्स अँड वीकनेसेस’. ‘प्रवास कसा झाला’ या तीन शब्दांची तयारी कुणीच केली नव्हती.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आपली पिढी बारावीपर्यंत सलग बारा वर्षं हा विषय शिकून आलेली आहे. आपण पत्रलेखन केलं, ‘चेंज द व्हॉइस’ केलं, निबंध लिहिले. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पालथी घातली होती. त्यांचं व्याकरण आपल्यापेक्षा पक्कं असायचं असं घरोघरी ऐकायला मिळतं. पण त्या सगळ्यात एक कप चहा मागायची वेळ कुणावर आली नाही. परीक्षेत कागद बोलतो, तोंड नाही.

युरोपात एखादी भाषा किती येते ते मोजायला ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. त्यातली तिसरी, बी-वन, ही पायरी कशी ओळखायची? माणूस प्रवासात येणारे बहुतेक प्रसंग त्या भाषेत निभावून नेऊ शकतो, आणि काम, शिक्षण, आवडीनिवडी अशा ओळखीच्या गोष्टींवर साधं, सलग बोलू शकतो. बस. शेक्सपिअर नाही, संपादकीय नाही. प्रवास, काम, जेवण. पॉल नेशन नावाच्या भाषातज्ज्ञांनी शब्दांचा हिशेब मांडलाय, त्यानुसार साधारण तीन हजार शब्दकुळं माहीत असली की बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीतला 95 टक्क्यांच्या आसपास भाग आवाक्यात येतो. शब्दकुळ म्हणजे वर्क, वर्कर, वर्किंग हे सगळं मिळून एक. यातला मोठा भाग आपल्याला ओळखता येतो. फक्त वेळेवर तोंडात येत नाही.

चहाचा नियम

त्या रात्रीनंतर आमच्या कॉट बेसिसच्या खोलीत एक नियम झाला. रात्री मेसहून आल्यावर टपरीपर्यंत चालत जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. या अर्ध्या तासात फक्त इंग्रजी. विषय तीनच. आज कुठे गेलास, काय काम केलंस, काय खाल्लंस. मराठी शब्द आला की दोन रुपये दंड. पदार्थांच्या नावांना सूट होती, पण नाव घेतलं की तो पदार्थ समजावून सांगायचा, ही त्यातली मेख. टपरीवाल्या मामांशी मात्र मराठीतच बोलायचं, कारण पहिल्याच दिवशी ‘कुड वी हॅव फाइव्ह टीज, प्लीज’ ऐकून त्यांनी ‘बरं वाटत नाही का रे?’ असं विचारलं होतं.

पहिल्या आठवड्यात डब्यात एवढे पैसे जमले की रविवारी पाचही जणांची मिसळ झाली. आणि त्या मिसळीनेच आम्हाला आडवं केलं. मिसळ म्हणजे काय, सांगा इंग्रजीत. ‘स्पायसी करी विथ ब्रेड’ म्हटलं तर समोरचा काहीतरी भलतंच डोळ्यांसमोर आणेल. मोड आलेल्या मटकीला ‘स्प्राउटेड मॉथ बीन्स’ म्हणतात हे शोधावं लागलं. फरसाण ‘क्रंची फ्राइड स्नॅक मिक्स’वर भागलं. तर्रीला शब्दच सापडेना. शेवटी एकाने ‘द रेड ऑइल ऑन टॉप, दॅट इज द होल पॉइंट’ असं म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. मला वाटतं, बोलायला शिकण्यातली खरी गोष्ट इथेच आहे. शब्द अडला की वाक्य सोडून द्यायचं नाही, त्याला वळसा घालून पुढे जायचं. खमंग, झणझणीत, तुरट... आपली जीभ फार श्रीमंत आहे, इंग्रजीत हे सगळं एका शब्दात बसत नाही. न बसू दे. दोन वाक्यांत सांगा.

चवींचा घोळ वेगळाच. ‘हॉट’ म्हणजे गरमही आणि तिखटही. बाहेर कुठे ‘इज इट हॉट?’ विचारलंत तर वेटरला कळणार नाही की तुम्हाला वाफ बघायचीय की मिरची. ‘स्पायसी’ म्हटलेलं बरं. भाज्यांची नावं तर देशागणिक बदलतात. आपलं वांगं इथे ब्रिंजल, ब्रिटनमध्ये ऑबर्जिन आणि अमेरिकेत एगप्लांट. आपली लेडीज फिंगर तिकडे ओक्रा. कोथिंबिरीला ब्रिटिश कोरिअँडर म्हणतात, अमेरिकन सिलँट्रो. पार्सल मागितलंत तर लंडनमध्ये पोस्टाचा रस्ता दाखवतील. तिथे ‘टेकअवे’, न्यूयॉर्कमध्ये ‘टू गो’. आणि सगळ्यात मोठा चकवा आपल्या लाडक्या ‘हॉटेल’चा. आपण हॉटेलात जेवतो. बाकीचं जग तिथे झोपतं.

उपवासावर एक अख्खी रात्र गेली. ‘टुडे इज माय फास्ट.’ मग काय खाल्लंस? ‘साबुदाणा खिचडी, बटाट्याचे वेफर्स, रताळं, शेंगदाण्याचा लाडू...’ परदेशी माणसाच्या भूमिकेत बसलेल्या मित्राने शांतपणे विचारलं, ‘अँड व्हेन डझ द फास्ट स्टार्ट?’ दंडाचा नियम त्या दिवशी मोडला, कारण यावर इंग्रजीत हसता येत नाही.

पण जेवणाच्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची चूक शब्दांची नाहीच, ती नम्रतेची आहे. आणि ती आपण उद्धट असतो म्हणून होत नाही. मराठीत ‘जरा पाणी द्या ना’ म्हटलं की झालं. ‘द्या’ या रूपातच मान आहे, ‘जरा’त विनंती आहे, ‘ना’त गोडवा आहे. भाषांतर करताना हे तिन्ही वाटेत सांडतात आणि उरतं ‘गिव्ह मी वॉटर’. म्हणजे थेट हुकूम. इंग्रजीत मान क्रियापदाच्या शेपटीत नसतो, तो वाक्याच्या सुरुवातीला ठेवावा लागतो: ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ तसंच ‘आय वॉन्ट कॉफी’ऐवजी ‘आय विल हॅव अ कॉफी’. ‘इंग्लिश विंग्लिश’ (2012) आठवतोय? पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॅफेत साधी कॉफी सांगताना कशी कोलमडते? त्या बाईला लाडूंचा धंदा जमत होता, घर जमत होतं. फक्त काउंटरपलीकडून भराभर येणारे प्रश्न जमले नाहीत, आणि तेवढ्याने ती स्वतःलाच कमी समजायला लागली. आमच्या रूममेटची इंटरव्ह्यूतली खुर्ची आणि तिचा तो काउंटर, दोन्ही एकच.

उतरायचं कसं

प्रवासातलं इंग्रजी मुंबईकरांना फुकट मिळतं. लोकलमध्ये पुढच्या स्टेशनची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत होते. रोज कानावर पडून ‘नेक्स्ट स्टेशन’ पाठ झालेलं असतं. रिटर्न, फास्ट, स्लो, प्लॅटफॉर्म, विंडो सीट हे शब्द तर आपण मराठीच समजून वापरतो. ‘रिटर्न’ ब्रिटनमध्ये जसंच्या तसं चालतं, अमेरिकेत ‘राउंड ट्रिप’ म्हणायचं.

अडतं ते छोट्या शब्दांवर. आपण बसमधून ‘गेट डाउन’ होतो, कारण आपण उतरतो, आणि उतरणं म्हणजे खाली येणं. इंग्रजीत बस-ट्रेनमधून ‘गेट ऑफ’ आणि कारमधून ‘गेट आउट’. कुणी म्हणेल, ‘गेट डाउन’ म्हटल्याने काय बिघडतं? इथे काहीच नाही. अख्खा भारत तसंच बोलतो. पण बाहेर कुणाला ‘आय वॉन्ट टु गेट डाउन’ म्हटलंत तर तो जरा गोंधळेल, एवढंच. ‘आय अ‍ॅम आउट ऑफ स्टेशन’चंही तेच. तो समजेल तुम्ही स्टेशनच्या बाहेर उभे आहात.

त्यापेक्षा मोठी भानगड काळाची. ‘मी कालच आलोय’ हे मराठीत अगदी बरोबर वाक्य आहे. म्हणूनच आपण बिनदिक्कत ‘आय हॅव कम यस्टरडे’ म्हणतो. इंग्रजीला हे चालत नाही. काल, परवा, गेल्या वर्षी असा नेमका वेळ सांगितला की साधा भूतकाळ, ‘आय केम यस्टरडे’. ‘हॅव’ हवा असेल तर ‘यस्टरडे’ सोडा. हा एक नियम समजला आणि माझ्या स्वतःच्या निम्म्या चुका गेल्या, कारण प्रवासाची गोष्ट सांगताना सगळं काल-परवाच घडलेलं असतं.

कामाच्या बोलण्याबद्दल इंटरनेटवर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. ‘मायसेल्फ’ने ओळख सुरू करू नका, ‘आय अ‍ॅम’ पुरतं. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ नको, भाऊ काही सध्या चालू असलेली क्रिया नाही. ‘आय पास्ड आउट इन मे’ म्हटलंत तर परदेशी क्लाएंटला वाटेल तुम्ही मे महिन्यात चक्कर येऊन पडलात, ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. परीक्षा आपण ‘देतो’, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे तिकडे शंका नाही, संशय. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. पण ‘प्रीपोन’वरून कुणी तुम्हाला हसलं तर खुशाल सांगा की तो शब्द ऑक्सफर्ड डिक्शनरीत आहे. तो आपल्याकडचा आहे आणि कामाचा आहे. सगळंच पुसून टाकायची गरज नसते.

उच्चारांचंही तसंच. अमेरिकन अ‍ॅक्सेंट लावून बोलणारी मुलं दहा मिनिटांत दमतात, मी पाहिलीत. गरज असते ती शब्दातल्या नेमक्या जागी जोर देण्याची. आपण ‘डेव्हलपमेंट’ची सगळी अक्षरं एका वजनाने म्हणतो, इंग्रजी कानाला ‘व्हे’वर वजन हवं असतं. ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर. एवढं जमलं तर मराठी वळणाचं इंग्रजीही जगभर कळतं.

हसणारे कोण?

आता जरा कडू. आमच्या चहाच्या नियमात सुरुवातीला सहावा होता. शेजारच्या खोलीतला. तो चार दिवस आला आणि बंद झाला. कारण त्याने ‘व्हेजिटेबल’ म्हणताना मध्ये ‘टेबल’ स्पष्ट उच्चारलं आणि आमच्यातला एक जण जोरात हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. नंतर दोनदा बोलवायला गेलो, तो म्हणाला, ‘अभ्यास आहे रे.’ अभ्यास नव्हता. मग आम्ही नियम बदलला. मराठी बोलल्यास दोन रुपये, दुसऱ्याच्या चुकीवर हसल्यास वीस. तो आला नाही ते नाहीच.

कॉलेजात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. ग्रुप डिस्कशनमध्ये ज्याला विषय सगळ्यात जास्त कळतो तो गप्प, आणि ज्याला ‘बेसिकली’ म्हणता येतं तो लीडर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या इंग्रजीवर इंग्रज हसत नाही हो, त्याचा इंग्रजाशी संबंधच कुठे येतो? हसतो तो शेजारच्या बाकावरचा मराठीच. भिंतीभिंतींवर ‘फाडफाड इंग्रजी बोला’च्या जाहिराती लागतात त्या याच भीतीवर. मला कधी कळलेलं नाही की ती भाषा फाडायची कशाला.

क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. पण त्याआधी फुकटात बरंच होतं. आयईएलटीएस परीक्षेच्या बोलण्याच्या भागात एक कार्ड देतात, त्यावर ‘नुकत्याच केलेल्या प्रवासाबद्दल सांगा’ किंवा ‘आवडत्या जेवणाबद्दल सांगा’ असा विषय असू शकतो. एक मिनिट विचाराला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. परीक्षा द्यायची नसली तरी हे करून बघा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, ती दोन-तीन दिवस टिकते. आम्ही बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रमही लावायचो. दोघं जण गप्पा मारतात, लेखी संहिता सोबत मिळते. ऐकता ऐकता त्यांच्या अर्धा शब्द मागे राहून तेच बोलत जायचं. बसमध्ये केलंत तर शेजारचा जागा बदलतो, हा वरचा फायदा.

आणि तीन वाक्यं खिशात ठेवा. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट.’ ‘लेट मी थिंक फॉर अ सेकंद.’ ‘व्हॉट आय मीन इज...’ मराठीत आपण ‘म्हणजे कसंय माहितीये का’ म्हणून वेळ काढतोच ना? आमच्या रूममेटला त्या दिवशी यातलं पहिलं वाक्य आलं असतं तरी त्याला पाच सेकंद मिळाले असते. पाच सेकंदांत टेंभुर्णीचं पंक्चर नक्की आठवलं असतं.

त्याला पुढे चार महिन्यांनी दुसरीकडे नोकरी लागली. त्या इंटरव्ह्यूतही प्रवासाचा विषय निघाला. त्याने हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल सांगितलं आणि समोरची मॅनेजर स्वतःच पाच मिनिटं त्यावर बोलली, कारण ट्रॅफिकवर पुण्यात कुणालाही बोलतं करता येतं. आता त्याचा क्लाएंट इंग्लंडमध्ये आहे. दुपारच्या कॉलवर सगळे जॉइन होईपर्यंत तिकडची टीम लीड हवामान आणि जेवण यावर बोलत असते. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, लंचला काय होतं? त्याने पिठलं-भाकरी म्हटलं आणि मग जुन्या नियमाप्रमाणे समजावूनही सांगितलं. सूप आहे का? नो नो, थिकर. ब्रेडसारखं? फ्लॅट, राउंड, मेड विथ सॉर्गम. मीटिंग सहा मिनिटं उशिरा सुरू झाली.

तिला आता रेसिपी हवी आहे. म्हणून गेले तीन दिवस टपरीवर वाद चाललाय, की बेसनाला तिला कळेल असं नक्की काय लिहायचं, ग्रॅम फ्लॉर की चिकपी फ्लॉर. मी ग्रॅम फ्लॉरच्या बाजूने आहे, ब्रिटनमध्ये तेच म्हणतात. तो म्हणतो, दोन्ही लिहितो आणि सोबत फोटो पाठवतो.